सरड्याची धाव आणि काचेचे कुंपण

'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण आपण सहसा माणसाच्या तोकडेपणाविषयी वापरतो. ज्याची झेप बेताची, ज्याची महत्त्वाकांक्षा घराच्या हद्दीपलीकडे जात नाही, त्याला हा टोमणा मारला जातो. परंतु म्हणीतील सरड्याकडे क्षणभर सरडा म्हणूनच पाहिले तर चित्र पालटते. पहाटेचा गारवा ओसरला की सरडा कुंपणाच्या खुंटावर चढतो, कारण तेथे कोवळे ऊन पहिल्याने येते. ऊन चढले की तो त्याच कुंपणाच्या बोराटीखाली सावलीला उतरतो. किडे तेथेच मिळतात, शिकरा झडप घालू लागला तर काट्यांत शिरता येते, आणि विणीच्या दिवसांत गळा लाल करून, पुढच्या पायांवर जोर काढीत आपली हद्द जाहीर करण्यासाठी उंच जागाही तेथेच असते. कुंपण ही त्याच्या धावेची मर्यादा आहे असे आपल्याला वाटते. वास्तविक ते त्याचे घर आहे, आणि त्या घरात त्याला लागणारे सर्व काही आहे. सरपटणारा प्राणी घरी पाळण्यासाठी माणसाने जी पेटी तयार केली, तिचा इतिहास म्हणजे हे कुंपण काचेत उभे करण्याच्या धडपडीचा इतिहास होय.

या विषयाकडे वळण्याचे कारण एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न. गेल्या पावसाळ्यात, रोवणीच्या दिवसांत, अर्जुनी मोरगाव तालुक्यातून येणाऱ्या या मुलाने तास संपल्यावर विचारले, "सर, घोरपडीच्या पिलाला केवढी पेटी लागते?" शेताच्या धुऱ्यावर सापडलेले वीतभर पिलू त्याने घरातील रिकाम्या मत्स्यपेटीत ठेवले होते. पिवळ्या ठिपक्यांचे ते पिलू विषारी आहे, मारून टाका, असे शेजारी म्हणत होते. त्यांच्या हातून वाचवण्यासाठीच त्याने ते घरी आणले होते. मोबाइलवर त्याने परदेशी छंदिष्टांच्या चित्रफिती पाहिल्या होत्या. त्यांतील दिवे, कृत्रिम खडक आणि वेली पाहून आपणही असे काही करावे असे त्याला वाटले. प्रश्न मापाचा होता, पण त्याचे उत्तर मापात देता येण्यासारखे नव्हते.

आपल्या वाङ्मयीन परंपरेत पाळीव घोरपडीची एक प्रसिद्ध पेटी आहे. सिंहगडावरील ४ फेब्रुवारी १६७० च्या लढाईवरील पोवाड्याच्या परंपरेत तानाजी पेटीतून 'यशवंती' घोरपड बाहेर काढतो, तिच्या माथ्याला शेंदूर लावतो, गळ्यात मोत्यांचा अलंकार घालतो आणि तिला कड्यावर चढवतो. ती माघारी फिरते, तेव्हा अपशकुन मानून थांबण्याऐवजी तो तिला मारून खाण्याची धमकी देतो, आणि मग ती चढून जाते. घोरपडे या आडनावामागेही अशीच कथा सांगितली जाते. भोसले कुळातील एका पुरुषाने बहामनी काळात घोरपडीच्या साहाय्याने किल्ला सर केला, म्हणून हे नाव पडले, अशी ती कथा. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिल्या गेलेल्या सभासद बखरीत मात्र सिंहगडाच्या प्रसंगी घोरपडीचा उल्लेख नाही. प्राणिशास्त्राच्या दृष्टीनेही माणसाचा भार पेलून धरणारी, हुकमाबरोबर चढणारी घोरपड संभवत नाही. घोरपड कपारीत शिरली की अंग फुगवून घट्ट बसते आणि शेपटीला धरून ओढली तरी निघत नाही, हे निरीक्षण खरे आहे. दोराची कल्पना बहुधा या निरीक्षणातूनच वाढली असावी.

ऐतिहासिक सत्य बाजूला ठेवले तरी त्या प्रसंगातील एक गोष्ट विचार करायला लावते. शेंदूर, मोती आणि मारून खाण्याची धमकी, ही तिन्ही एकाच प्राण्याच्या वाट्याला एकाच प्रसंगात येतात. घोरपडीशी असलेले आपले नाते शतकानुशतके असेच आहे. संस्कृतातील 'गोधा' हे गौरीचे वाहन आहे, आणि धर्मशास्त्रांनी भक्ष्य ठरवलेल्या पाच पंचनखी प्राण्यांतही तिची गणना आहे. खंडोबाच्या वाघ्याची दिमडी परंपरेने तिच्याच कातड्याने मढवली जाई. तिच्या चरबीच्या तेलाने सांधेदुखी जाते ही समजूत अजून पुरती गेलेली नाही. नराच्या जननेंद्रियांचे वाळवलेले तुकडे 'हत्था जोडी' नावाची दुर्मीळ मुळी म्हणून भोळ्या गिऱ्हाइकांना विकले जातात, हेही गेल्या दशकात उघड झाले. आपण घोरपडीला पूजले, खाल्ले आणि वाद्यावर ताणले. ती जगते कशी हे मात्र फारसे विचारले नाही.

हा प्रश्न विचारला जाण्यास कारण झाली ती काच, आणि तीही आधी वनस्पतींसाठी. लंडनच्या पूर्व भागात राहणारे नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड हे व्यवसायाने डॉक्टर होते. कोळशाच्या धुराने त्यांची नेची जगत नसत. १८२९ साली त्यांनी एका पतंगाचा कोष ओलसर मातीसह झाकणाच्या बाटलीत ठेवला. काही दिवसांनी त्या मातीतून नेचे आणि गवताचे कोंब उगवलेले दिसले. दिवसा मातीतून उडालेली वाफ काचेवर जमून पुन्हा खाली उतरत होती, आणि बाटलीत एक लहानसे स्वयंपूर्ण हवामान तयार झाले होते. १८३३ मध्ये अशा बंद पेट्यांतून रोपे ऑस्ट्रेलियापर्यंत जिवंत पोचली, आणि १८४२ साली वॉर्ड यांनी यावर पुस्तक लिहिले. चीनमधील चहाची रोपे भारतात आली तीही याच पेट्यांतून. १८४५ मध्ये इंग्लंडातील काचेवरील कर उठला, काच स्वस्त झाली आणि मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात नेच्यांच्या, माशांच्या, बेडकांच्या पेट्या दिसू लागल्या. १८४९ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी जगातील पहिले स्वतंत्र दालन उघडले.

या लाटेचे पडसाद मुंबईपर्यंत आले. भायखळ्याची राणीची बाग १८६२ मध्ये खुली झाली. तिच्याच आवारातील वस्तुसंग्रहालयात, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जण जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत दोन मराठी नावे आहेत : प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. सखाराम अर्जुन, रखमाबाईंचे सावत्र वडील. आपल्या सामाजिक इतिहासात ही दोन्ही नावे सुधारणेच्या प्रकरणात येतात. निसर्गाभ्यासाच्या प्रकरणात ती क्वचितच सांगितली जातात. त्यांच्यासोबत असलेले ई. एच. एटकिन त्याच सुमारास घरातील पाली-उंदरांवर खुसखुशीत इंग्रजी लेख लिहीत होते. मराठी घरात मात्र पाल चुकचुकली की कोणत्या अंगावर पडली तर काय फळ, हे पंचांगात पाहिले जाई. दोन्ही घरांत पाल तीच होती. एका घरात ती निरीक्षणाचा विषय झाली, दुसऱ्या घरात शकुनाचा.

तरीही एकोणिसाव्या शतकातील काचपेटीत सरडे जगत नसत. ते आणले जात, काही आठवडे वा महिने दिसत, आणि मरत. पुन्हा नवे आणले जात. त्यांना 'थंड रक्ताचे' म्हटले जाई, आणि या शब्दातच चूक दडलेली होती. थंड रक्ताचा प्राणी म्हणजे ज्याला उष्णतेचे फारसे काही नाही, असा अर्थ नकळत घेतला गेला. मग एकतर सारी पेटी थंड ठेवली जाई किंवा सारी पेटी एकसारखी तापवली जाई.

पहिला मोठा बदल घडवला तो जोन बीचम प्रॉक्टर या स्त्रीने. १८९७ मध्ये जन्मलेल्या जोनने लहानपणापासून सरडे पाळले होते. प्रकृतीच्या तक्रारींमुळे तिचे विद्यापीठीय शिक्षण होऊ शकले नाही. तरी १९२३ साली ती लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांची अभिरक्षक झाली. तिच्या आराखड्यानुसार बांधलेले नवे दालन १९२७ मध्ये उघडले. त्यात प्रत्येक पिंजऱ्याला त्या त्या प्राण्याप्रमाणे वेगळी उष्णता देण्याची सोय होती, आणि साध्या काचेने अडणारे अतिनील किरण आत येऊ देणारी खास काच वापरली होती. बर्लिनमध्ये १९१९ साली कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेली मुले अतिनील दिव्याने बरी होतात हे दाखवले होते. जे मुलांच्या हाडांना लागते ते सरड्यांच्या हाडांनाही लागत असणार, हा विचार त्या काचेमागे होता. आज त्याची कार्यपद्धती नीट माहीत आहे. ब-गटातील अतिनील किरण त्वचेवर पडले की तेथील एका द्रव्यापासून ड-जीवनसत्त्वाचा पूर्वघटक बनतो, शरीराच्या उबेने त्याचे जीवनसत्त्वात रूपांतर होते, आणि मगच अन्नातील कॅल्शियम अंगी लागते. हे किरण न मिळाल्यास दिवसा वावरणाऱ्या सरड्यांचा जबडा मऊ पडतो, पाय वाकतात आणि प्राणी महिनोन्‌महिने हळूहळू मरतो. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन उजेड देते, ऊबही देते. हे किरण मात्र त्यातून येत नाहीत.

प्रॉक्टरचा 'सुंबावा' नावाचा कोमोडो ड्रॅगन तिच्या मागे पाळीव कुत्र्यासारखा हिंडे. १९२८ साली तिने त्याला वैज्ञानिकांच्या सभेत नेऊन हाताने खाऊ घातले. आपल्या घोरपडीचाच हा थोरला भाऊबंद. १९३१ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, प्रॉक्टर वारली. तिला आयुष्य थोडे मिळाले, पण पेटीची कल्पना तिने बदलून टाकली. पाहणाऱ्याला काय दिसावे, या प्रश्नाच्या आधी आत राहणाऱ्याला काय मिळावे, हा प्रश्न तिने ठेवला.

दुसरा बदल १९४४ मधील. रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सरड्यांच्या शरीराचे तापमान मोजले. प्रत्येक जातीचा सरडा ऊन आणि सावली यांत ये-जा करून आपले तापमान एका ठरावीक मर्यादेत राखतो, असे त्यांना आढळले. ज्याला सावलीत जाऊ दिले नाही तो थोड्याच वेळात मेला. 'थंड रक्त' या शब्दाचा पाया येथे ढासळला. सरडा उष्णता आतून निर्माण करीत नाही, ती तो जागेतून निवडतो. याचा अर्थ असा की जागा हा त्याच्या शरीराचाच एक भाग आहे. ज्या पेटीत निवड नाही, तेथे त्याचे शरीर अपुरे आहे.

आजच्या चांगल्या पेटीचे सारे नियम या दोन शोधांतून निघतात. पेटी लांब हवी, कारण एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला गारवा, असा उतार लांबीशिवाय मिळत नाही. प्रौढ बिअर्डेड ड्रॅगनसाठी किमान चार फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच जागा सांगतात. त्याच्या उन्हाच्या दगडावर चाळीस अंशांच्या आसपास उष्णता हवी आणि गार टोक पंचविशीच्या जवळपास. रात्री वावरणाऱ्या लेपर्ड गेकोला तीन फुटी पेटी, बत्तीस अंशांच्या आसपास ऊबदार फरशी, दोन्ही टोकांना लपण्याची जागा आणि कात टाकण्यासाठी एक ओलसर बीळ लागते. झाडावर राहणाऱ्याला लांबीहून उंची महत्त्वाची. उष्णतेच्या साधनाला तापमान-नियंत्रक हवा, अतिनील दिवा आणि प्राणी यांच्यामध्ये साधी काच नको, आणि हा दिवा दिसायला पेटता असला तरी त्याचे किरण कालांतराने मंदावतात म्हणून तो ठरावीक मुदतीने बदलावा लागतो. किडे कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून द्यावेत आणि प्राणी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

या साऱ्या सूचना थंड देशांत लिहिल्या गेल्या, आणि तेथे प्रश्न असतो तो ऊब देण्याचा. गोंदियात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. दुपारी बंद खोलीतील हवाच सरड्याला सोसण्याच्या सीमेवर असते. अशा वेळी उन्हात ठेवलेली काचपेटी ही भट्टी होते, आणि तिच्यातील प्राणी काही मिनिटांत दगावू शकतो. आपल्याकडे पेटी करायचीच तर एक-दोन बाजूंना जाळी, मातीची जाड बैठक, ओली सुरई वा पाणी शिंपडलेले कौल, आणि घरातील सर्वांत गार कोपरा यांचा विचार आधी करावा लागेल. येथील घोरपड उन्हाळ्यात काय करते हे पाहिले तर धडा मिळतो. ती बिळात, वारुळात, झाडाच्या ढोलीत शिरते. वारुळाच्या मातीत उन्हाची तलखी पोचत नाही. फार पूर्वीच मुंग्यावाळव्यांनी सोडवलेला हा प्रश्न आपल्याला विजेच्या उपकरणांनीही सहज सुटत नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे. वीतभर पिलू मोठे होऊन पाच फुटांच्या आसपास पोचते. ते दिवसभर भटकते, खोदते, झाडावर चढते, पाण्यात उतरते, आणि किडे, खेकडे, अंडी, उंदीर यांच्या शोधात मोठा मुलूख पालथा घालते. त्याचे कुंपण कोणत्याही खोलीत मावत नाही. आणि यापेक्षा तातडीची गोष्ट कायद्याची. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घोरपड आहे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ती वाघाच्या पंक्तीला बसते. तिला पकडणे वा घरी ठेवणे हा गुन्हा असून त्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षे तुरुंगवासाची शिक्षा आहे. चांगल्या हेतूने नेली, ही सबब कायद्यात नाही. परदेशी सरड्यांची गोष्ट वेगळी आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या यादीतील प्राण्यांची नोंदणी आवश्यक झाली, आणि २०२४ च्या नियमांनी त्यासाठी केंद्र शासनाच्या 'परिवेश' या संकेतस्थळाची सोय केली. बाजारात मिळणारे हिरवे इग्वाना याच यादीत येतात. हातभर लांबीचे गोंडस पिलू पुढे दीड मीटरपर्यंत वाढते आणि दहा-पंधरा वर्षे जगते, हे विकणारा सहसा सांगत नाही.

हे सारे त्या मुलाला सांगणे सोपे गेले नाही. ज्याने मारणाऱ्यांच्या हातून एक जीव सोडवला, त्यालाच तू गुन्हा करतो आहेस असे सांगायचे होते. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मारणारे सुटले आणि मी अडकलो." या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. मारणेही तितकाच मोठा गुन्हा आहे, हे मी सांगितले. ते खरे होते, पण त्याच्या गावात त्या खरेपणाला फारसा अर्थ नव्हता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी वनरक्षकाला कळवून पिलू त्यांच्या स्वाधीन केले. ते अजून तरतरीत होते. त्यांनी ते सापडलेल्या शिवाराजवळच्याच जंगलात, आमच्यादेखत सोडले. वारुळाच्या दिशेने दहा-बारा पावले जाऊन ते थांबले, जीभ बाहेर काढून हवा चाखली, आणि गवतात दिसेनासे झाले.

हा मुलूख नवेगावबांधचा. कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेल्या तलावाभोवती १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, आणि २०१३ साली नागझिऱ्यासह त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून येथे अनेक वर्षे काढली. २०२५ च्या जूनमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा आम्ही वर्गात त्यांच्याविषयी बोललो होतो. त्यांनी मराठीला रानाची शब्दसंपदा दिली, असे आपण म्हणतो. त्यांतील बराच भाग त्यांनी येथल्याच माणसांकडून, माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्यांकडून घेतला होता. प्राणी घरी न आणता त्याच्या घरी जाऊन बसावे, ही त्यांची रीत होती. प्रॉक्टरने पेटीच्या आतून जे शोधले, ते चितमपल्लींनी पेटीशिवाय शोधले. दोघांचा प्रश्न मात्र एकच होता.

मुलाच्या घरची मत्स्यपेटी आता रिकामी आहे. अंगणातील बोराटीच्या कुंपणावर रोज सकाळी एक सरडा येतो असे तो सांगतो, आणि तो किती वाजता उन्हाला येतो, किती वाजता सावलीला उतरतो, याची वहीत नोंद ठेवतो. श्रावणातील एका नोंदीत त्याने लिहिले आहे : 'आज ऊन नाही. सरडा आला नाही.'